२००४ सालचं पुस्तक टेबलावर कशाला? (एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर)

अहो, तुम्ही नाव दिलेलं नाही म्हणून नुसतंच अहो म्हणते.

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या टीममध्ये एक्सएमएलची (माहिती टॅगांमध्ये बांधून लिहायची पद्धत) एक जाडजूड डेस्क रेफरन्स, म्हणजे लागेल तेव्हा बघायचं संदर्भाचं पुस्तक, मधल्या टेबलावर असते, २००४ ची आवृत्ती, आणि नवीन आलेल्या पोरांना मी सांगते की एरर आला की आधी त्यात पाच मिनिटं बघा आणि मग मला हाक मारा. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, वीस वर्षं जुनी रद्दी आहे ती. स्पेक्स फुकट ऑनलाइन आहेत, एआय दोन सेकंदात उत्तर देतं, एक्सएमएल तर कधीच मेलंय, सगळं जेसनवर गेलं, क्रोमवाले पण एक्सएसएलटी काढून टाकतायत. फ्रेशर्सना असलं काही सांगून त्यांचं करिअर वाया घालवू नका." करिअरबिरिअर जरा जास्तच झालं हं, पण बाकीचं बरेच जण मनात म्हणत असणार, म्हणून सविस्तर लिहिते. (स्पेक म्हणजे नियमांचं अधिकृत डॉक्युमेंट, जेसन म्हणजे माहिती लिहायची दुसरी एक पद्धत, आणि एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा.)

आधी एक सांगते, ते पुस्तक वाचायचं नसतंच. पंचांग कोणी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत वाचत बसतं का, लागेल ते पान उघडायचं, बघायचं, मिटून ठेवायचं. सुरुवातीचे शिकवणीचे धडे मी पण कधी सलग वाचलेले नाहीत. आमच्याकडे हाताळून काळा पडलाय तो मागचा अर्धा भाग, म्हणजे एक्सएमएल १.० चे नियम एका जागी, एक्सपाथची (फाइलमधला हवा तो भाग शोधायची भाषा) फंक्शन्स एका जागी, एक्सएसएलटी एका जागी, स्कीमा (फाइलमध्ये कुठे काय असावं याचे नियम) एका जागी आणि शेवटी कॅरेक्टर्सचे तक्ते. ही जी वेगवेगळ्या प्रकरणांत केलेली वाटणी आहे ना, पुस्तकाचे निम्मे पैसे मला तिच्यातच वसूल वाटतात. कारण नवीन माणसाला एक्सएमएल ही एकच अखंड गोष्ट वाटते आणि ती तशी नाहीये. मूळ एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ चं, नेमस्पेस (टॅगचं नाव कुठल्या गटातलं हे सांगायची सोय) हे वेगळं डॉक्युमेंट जानेवारी १९९९ चं, एक्सपाथ आणि एक्सएसएलटी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, स्कीमा मे २००१ मध्ये, आणि प्रत्येकाचे नियम आपापले. म्हणजे एरर आला की पहिला प्रश्न हा की पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) बोंबलतोय, का पार्सर खूश आहे पण स्कीमा बोंबलतोय, का दोघंही गप्प आहेत आणि एक्सपाथच रिकाम्या हाताने परत आलाय. पुस्तक हातात घेतलं की कुठलं प्रकरण उघडायचं हे आधी ठरवावं लागतं. सर्च बॉक्समध्ये अख्खा एरर पेस्ट केला की ते ठरवायची गरजच पडत नाही, आणि माझं नेमकं दुखणं तिथेच आहे.

आता वऱ्हाडीची केस सांगते.

एका मराठी कोशाच्या डेटाचं काम होतं. टॅग देवनागरीत ठेवायचे असा क्लायंटचा आग्रह, म्हणजे <शब्द>, <अर्थ>, <मालवणी>, <वऱ्हाडी> असे. (देवनागरीत टॅग चालतात का असं विचारणारे अजून भेटतात. एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीपासून चालतात.) टीममधल्या एका पोराच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये एलएक्सएमएल या लायब्ररीने सगळ्या फाइल्स बिनतक्रार वाचल्या, आणि तिकडे क्लायंटच्या सर्व्हरवर जावामध्ये त्यातल्या काही फाइल्स धडाधड पडायला लागल्या. सगळ्या नाही हं, काहीच, तेही एकाच फोल्डरमधल्या. गूगल म्हणालं एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) बघा, एआय म्हणालं बीओएम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) काढा, यूटीएफ-८ मध्ये परत सेव्ह करा, पोराने ते सगळं इमानेइतबारे केलं आणि गाडी जिथल्या तिथे. एररमध्ये एक गंमत होती जी कोणी नीट वाचली नव्हती: पार्सर म्हणत होता की "वर्" या टॅगनंतर काहीतरी भलतंच आलंय. "वर्". म्हणजे टॅगचं नाव त्याने निम्म्यातच तोडलं होतं.

म्हणजे हा एन्कोडिंगचा मामला नाही, नावात काय चालतं आणि काय नाही याचा आहे, आणि तो एक्सएमएल १.० च्या प्रकरणात. उघडलं. नावात चालणाऱ्या अक्षरांची यादीच दिलेली असते तिथे, देवनागरीत ०९०५ ते ०९३९ या युनिकोड नंबरांची अक्षरं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी), मग मात्रा, हलन्त, अंक. वऱ्हाडीतला तो अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतःची की आहे, त्याचा नंबर ०९३१, तो यादीत बसतो. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर, तो न दिसणारा २००डी. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, आणि आमच्याकडे टाइप करणाऱ्या दोघांचे कीबोर्ड वेगळे होते. २००डी यादीत नाही. संपला विषय, पडणाऱ्या फाइल्स म्हणजे दुसऱ्या कीबोर्डच्या फाइल्स.

मग एलएक्सएमएलने त्याच फाइल्स का चालवून घेतल्या? इथे पुस्तकाचं वय कामाला येतं, बघा. एक्सएमएल १.० च्या स्पेकच्या पहिल्या चार आवृत्त्यांमध्ये नावांची यादी युनिकोड २.० ला धरून बांधलेली होती, त्यानंतर युनिकोडमध्ये जे येईल त्याला नावात प्रवेश नाही. यावर उपाय म्हणून २००४ मध्ये एक्सएमएल १.१ काढलं, ते फारसं कोणी वापरलंच नाही, म्हणून नोव्हेंबर २००८ मध्ये १.० चीच पाचवी आवृत्ती काढून तीच सूट १.० मध्ये घुसवली, व्हर्जनचा आकडा न बदलता! आता फाइलवर लिहिलेलं "१.०" एकच, पण काही पार्सर चौथ्या आवृत्तीने चालतात आणि काही पाचव्या. एलएक्सएमएलच्या खाली लिबएक्सएमएल-२ आहे, ते पाचवीवर गेलं. जावातला पार्सर झर्सिस नावाच्या पार्सरवरून आलेला, तो चौथीवर. आणि पायथनचंच स्वतःचं साधं एलिमेंटट्री घेतलंत तर त्याच्या खाली एक्सपॅट, ते पण चौथीवर. खोटं वाटत असेल तर <ॲप> असा टॅग करून दोन्हीत वाचून बघा. ॲ हे अक्षर एकसंध म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ ला, ५.१ मध्ये, त्यामुळे जुन्या यादीत ते असणं शक्यच नाही.

माझ्या पुस्तकात त्या पानाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहिलंय: "२००८, पाचवी, बदललं. जावा जुन्यावरच." तर तुम्ही म्हणता तसं ताजं, अपडेटेड पुस्तक किंवा आजच्या तारखेचा स्पेक उघडला असता तर काय दिसलं असतं, की २००डी नावात चालतो. बरोबर उत्तर, आणि काम ठप्प. जावाच्या त्या पार्सरचं वय आणि माझ्या पुस्तकाचं वय एक आहे हो, म्हणून ते त्याच्या भाषेत बोलतं. मला जुन्याचं प्रेम नाहीये. पुस्तकाच्या पहिल्या पानावर साल छापलेलं असतं, त्यामुळे आपण कुठल्या काळातला नियम वाचतोय हे कळतं, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या उत्तरावर बहुतेक वेळा ते नसतं, एवढंच माझं म्हणणं. (फाइल्सचं काय केलं म्हणाल तर टॅगच्या नावात र-हलन्त-जॉइनर दिसला की ऱ-हलन्त करायची छोटी स्क्रिप्ट. आतल्या मजकुराला हात लावला नाही, मजकुरात जॉइनर आधीपासून चालतोच.)

एआयबद्दल. मी रोज वापरते, उगाच सोवळं नाही पाळत. पण टेस्टिंगवाल्या कोणालाही विचारा, सेलेनियमसाठी (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं साधन) एक्सपाथ मागितला की ते किती हौसेने एंड्स-विथ (शेवट अमुक अक्षरांनी होतो का ते बघणारं फंक्शन) लिहून देतं. दिसतं इतकं बरोबर की शंका येत नाही, कारण स्टार्ट्स-विथ आहे म्हणजे एंड्स-विथ असणारच ना. नाहीये. एक्सपाथ १.० मध्ये स्टार्ट्स-विथ आहे आणि एंड्स-विथ नाही, ते आलं २.० मध्ये, २००७ साली, आणि ब्राउझरमध्ये आजही १.०च आहे. मॅचेस नाही, लोअर-केस नाही. पुस्तकात १.० ची फंक्शन्स पाच-सहा पानांत संपतात, यादीत नसलं म्हणजे नाही, विषय कट. मग आयडीचा शेवट तपासायला सबस्ट्रिंग आणि स्ट्रिंग-लेंग्थ वापरून जुळवाजुळव करायची, कुरूप दिसते पण चालते. एखादी गोष्ट नाहीच हे छातीठोकपणे सांगणारी संपूर्ण यादी हातात असणं ही फार मोठी सोय आहे, आणि एआयला "नाही" म्हणायला जिवावर येतं हा तर तुमचाही अनुभव असेल.

तसंच बँकेच्या स्टेटमेंटचं. आयएसओ २००२२ ची (बँकांच्या मेसेजचं स्टँडर्ड) कॅम्ट ०५३, म्हणजे खात्याच्या स्टेटमेंटची फाइल आली, डोळ्यांना स्टेटमेंटचा टॅग समोर दिसतोय, एक्सपाथ लिहिला तर उत्तर शून्य नोड. प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी यावर अर्धा दिवस घालवतं. कारण सगळ्यात वरच्या टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस दिलेलं असतं आणि एक्सपाथ १.० मध्ये बिनप्रीफिक्सचं नाव म्हणजे "कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं" नाव, डिफॉल्टबिफॉल्ट तिथे लागू होत नाही. प्रीफिक्स (नेमस्पेससाठी नावाआधी लावायचं छोटं टोपणनाव) बांधायचा आणि तो लावून शोधायचं, झालं. पण ऑनलाइन पहिलं उत्तर काय मिळतं तर लोकल-नेम वापरा, म्हणजे नेमस्पेस न बघता नुसतं नाव जुळवा. चालतं ते, मी पण घाईत वापरते, पण पोरगं त्यातून एवढंच शिकतं की नेमस्पेस ही कटकट आहे आणि ती टाळायची असते, आणि मग पुढच्या वेळी फाइल लिहायची पाळी आली की नेमस्पेसच गाळून टाकतं आणि बँक फाइल परत पाठवते. बसा मग बोंबलत.

स्कीमातलं एक सांगून पुढे जाते कारण ते मराठी माणसाने माहीत करून घ्यावं असं आहे. पिनकोडसाठी पॅटर्न लिहिताना सगळे बॅकस्लॅश-डी सहा वेळा असं लिहितात. स्कीमाच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये त्याचा अर्थ युनिकोडमधला कुठलाही अंक, म्हणजे ४११०३० देवनागरीत टाइप केलं तरी व्हॅलिडेशन पास, आणि मागे डेटाबेसमध्ये जाऊन आदळतं. फक्त इंग्रजी आकडे हवे असतील तर चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट द्यायचं. आणि सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावायची सवय असेल तर सोडा, तिथे पॅटर्न अख्ख्या किमतीलाच लागतो आणि ती दोन्ही चिन्हं साधी अक्षरं धरली जातात, म्हणजे पॅन नंबरच्या आधी खरोखर टोपी टाइप केली तरच पास होईल. जावास्क्रिप्टची सवय घेऊन आलेलं प्रत्येक पोरगं इथे एकदा आपटतं.

"एक्सएमएल मेलंय" यावर मी आता भांडायचं सोडलंय, पण तरी. जेसनवर बरंच गेलं हे खरंच आहे, जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जेसनमध्ये, इन्कम टॅक्सच्या रिटर्नची युटिलिटी पण २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसनवर गेली, छान झालं, मला त्यात काही दुःख नाही. पण तुम्ही दुपारी चहाचे पैसे यूपीआयने देता ना, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि बँका एकमेकांशी जे मेसेज बोलतात ते एक्सएमएलमध्ये. आधारचं ऑफलाइन केवायसी डाउनलोड करता ती झिपमधली सही केलेली फाइल एक्सएमएल. रिझर्व्ह बँकेचं आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ वर. तुमचा रेझ्युमे वर्डमध्ये असेल तर त्या फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा, आत एक्सएमएलच एक्सएमएल आहे. फ्रेशरला रेझ्युमे एक्सएमएलमध्येच पाठवावा लागतोय आणि तुम्ही म्हणताय शिकू नका, कसं चालेल?

क्रोमचं म्हणाल तर २०२५ मध्ये त्यांनी ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढायचं जाहीर केलं हे बरोबर. पण ब्राउझरमधलं एक्सएसएलटी १९९९ च्या १.० वरून पुढे सरकलंच नव्हतं आणि ते वापरणारे हातावर मोजण्याइतके. सर्व्हरवर, पब्लिशिंगमध्ये लोक सॅक्सन या प्रोसेसरवर ३.० चालवतात, ते २०१७ चं स्टँडर्ड आहे, त्याला क्रोमने काही फरक पडत नाही.

स्पेक्स फुकट आहेत, वाचा की. खरंच वाचा, एक्सएमएल १.० चा स्पेक आश्चर्य वाटेल इतका छोटा आणि सरळ आहे. पण स्कीमाचा पहिला भाग, तो स्ट्रक्चर्सवाला, फ्रेशरच्या हातात देऊन बघा एकदा. मी दिलाय. पोरगं दुसऱ्या दिवशी पुस्तक शोधत आलं. (दुसरा भाग, डेटाटाइप्सचा, त्यामानाने बराच वाचनीय आहे, आणि प्रायमर, म्हणजे ओळख करून देणारं डॉक्युमेंट, तर चांगलंच आहे, पण प्रायमर म्हणजे नियम नव्हेत, वाद झाला की प्रायमर दाखवून चालत नाही.) आम्ही स्पेक वापरतोच, पण शेवटी, क्लायंटला ईमेलमध्ये कलम दाखवायचं असतं तेव्हा. तिथपर्यंत पोचायचा रस्ता पुस्तकातून जातो.

आणि पुस्तकात काय नाही ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ताई आरती ओवाळतेय. एक्सपाथ आणि एक्सएसएलटीचं २.० आणि ३.० नाही, स्कीमा १.१ नाही (ते २०१२ चं), आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट म्हणजे सिक्युरिटीबद्दल जवळपास सामसूम. डीटीडीमधल्या (फाइलची रचना सांगायची जुनी पद्धत) एंटिटीचं (एका नावामागे ठेवलेला मजकूर) प्रकरण असं कौतुकाने लिहिलंय की बाहेरची फाइल आत ओढून घ्या, किती सोयीचं. आज कोणी परक्याकडून आलेल्या फाइलवर ते चालू ठेवलं तर सर्व्हरवरची पासवर्डची फाइल उत्तरात छापून जाईल, किंवा एंटिटीच्या आत एंटिटी अशा दहा-दहाच्या नऊ पायऱ्या लावून एवढ्याशा फाइलमधून शंभर कोटी वेळा तोच शब्द फुगवून मेमरी संपवली जाईल. त्या प्रकरणावर मी लाल पेनने लिहून ठेवलंय, बाहेरून आलेली फाइल असेल तर हे बंद, पार्सरचं सेटिंग आधी बघा. हे नवीन माणसाला पुस्तकाच्या भरवशावर सोडून चालणार नाही, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर.

विकत घ्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही, टीममध्ये एक प्रत असली तरी पुरते. सेकंडहँडमध्ये मिळाली आणि मार्जिनमध्ये आधीच्या मालकाच्या नोंदी असतील तर उलट जास्त चांगली.

आता तुमची दुसरी कमेंट, ती टोमणा मारलेली: "तुमच्या पुस्तकाला विचारा आमच्या फाइलमधले पत्ते एका ओळीत का येतात, चार ओळी दिल्यात तरी." विचारलं. पत्ता तुम्ही ॲट्रिब्यूटमध्ये (उघडत्या टॅगच्या आतच लिहिलेली किंमत) ठेवलाय ना? एक्सएमएल १.० च्या हद्दीतला प्रश्न आहे, स्पेकमध्ये ३.३.३, ॲट्रिब्यूट व्हॅल्यू नॉर्मलायझेशन. ॲट्रिब्यूटच्या किमतीत सरळ एंटर मारलेला असेल तर पार्सर त्याची स्पेस करून देतो, आणि हे कुठल्याही सेटिंगने बंद होत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूच्या कोडमध्ये शोधत बसू नका. ओळ टिकवायची तर फाइल लिहिणाऱ्यानेच तिथे अँड, हॅश, दहा, सेमीकोलन असं लिहायला हवं. लायब्ररीने फाइल लिहिली तर ती साधारणपणे हे आपणहून करते, म्हणून माझा अंदाज असा की समोरची टीम स्ट्रिंगा जोडून एक्सएमएल बनवतेय. त्यांना ते बंद करायला सांगा, नाहीतर सरळ पत्ता ॲट्रिब्यूटमधून काढून एलिमेंटमध्ये, म्हणजे उघडत्या आणि मिटत्या टॅगच्या मध्ये, टाकायला सांगा, तिथे ओळी जशाच्या तशा राहतात. स्कीमा त्यांच्याच ताब्यात असेल तर दुसरं करून घ्या, आणि झालं की इथे कळवा.